अमूर्त चित्र घ्यायचंय? आधी हा हिशेब बघा

वर्ध्यात, हिंगणघाटात किंवा आर्वीत घर बांधून झालं की दिवाणखान्याच्या मोठ्या भिंतीसाठी चित्राची चौकशी सुरू होते. अलीकडे बऱ्याच जणांना अमूर्त चित्र हवं असतं: केलेल्या प्रवासाचं, किंवा आजोळ एका मुलखात आणि घर दुसऱ्या मुलखात अशा दोन्हीकडच्या रंगांचं. हौस चांगली आहे. फक्त पैसे कुठे कुठे जातात ते आधी समजून घ्या.

पहिली गोष्ट, मोठ्या नावामागे धावू नका. सय्यद हैदर रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकले, 1950 मध्ये पॅरिसला गेले. मध्य भारतातलं जंगल आणि फ्रान्समधला मुक्काम दोन्ही त्यांच्या चित्रांत उतरले. त्यांचं 1989 चं ‘जेस्टेशन’ 2023 मध्ये मुंबईच्या लिलावात 51.75 कोटींना गेलं. वासुदेव गायतोंडे गोव्याच्या कुटुंबातले, जन्म 1924 चा, नागपूरचा. त्यांच्या चित्रांचे भावही कोटींतच. तेव्हा ‘ओळखीतून रझा देतो, पन्नास हजारांत’ असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. 2009 मध्ये दिल्लीत खुद्द रझांनाच स्वतःच्या चित्रांच्या प्रदर्शनात बनावट चित्रं सापडली होती. तुम्हाला आणि मला ती ओळखता येतील, या भ्रमात राहू नका.

मोठ्या चित्रकाराचं काही घ्यायचंच असेल तर सही केलेली सेरिग्राफ, म्हणजे मर्यादित प्रतींची छपाई, मिळते. भिंग घेऊन जा. खालच्या कडेला प्रत क्रमांक आणि सही पेन्सिलने केलेली असते. बोटाने स्पर्श न करता तिरप्या उजेडात बघितलं की शिशाची चमक दिसते. सहीसुद्धा बारीक रंगीत ठिपक्यांची दिसली तर ते साधं पोस्टर आहे, त्याला पोस्टरचेच पैसे द्या.

‘हुबेहूब तसंच काढून द्या’ हा सोपा रस्ताही टाळा. चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट चालतो. गायतोंडेंचा 2061 च्या अखेरीपर्यंत, रझांचा 2076 च्या.

माझं मत विचाराल तर जिल्ह्यातल्या किंवा नागपुरातल्या हयात चित्रकाराकडून घ्या. शाळांमधले कलाशिक्षक हे पहिलं ठिकाण. दुसरं, नागपूरचं शासकीय चित्रकला महाविद्यालय. वार्षिक प्रदर्शनाची तारीख आधी फोन करून विचारा आणि मगच गाडी पकडा. मुंबईला गेलातच तर जहांगीर कलादालनात प्रवेश मोफत आहे. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असतं. परतीच्या तिकिटावर ‘वर्धा’ आहे की ‘सेवाग्राम’ ते नीट वाचा. ही दोन वेगळी स्टेशनं आहेत आणि हातात कॅनव्हास असताना ही चूक महागात पडते.

आता हिशेब. बरेच चित्रकार चौरस फुटावर दर सांगतात. धरा, 2 बाय 3 फूट आणि दर दीड हजार: चित्राचे 9,000. चित्रकार किंवा गॅलरी जीएसटी नोंदणीकृत असेल तर 5 टक्के, म्हणजे 450. सप्टेंबर 2025 पर्यंत हा दर 12 टक्के होता. जुना दर लावून कुणी 1,080 मागितले तर बिल तिथेच दुरुस्त करून घ्या. नोंदणी नसलेल्या चित्रकाराला जीएसटी लावता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

फ्रेमचे पैसे जवळजवळ नेहमीच वेगळे असतात, आणि गोंधळ इथेच होतो. चित्राचा परीघ 10 फूट. पण दोन इंची पट्टी लावली की बाहेरची कड 11 फूट 4 इंच होते, आणि दुकानदार बाहेरची कड मोजतो. कोपऱ्यांच्या कापाकापीतली नासाडीही धरतो. दर आधी विचारा, आणि मोजमाप कुठून कुठवर तेही. कॅनव्हासवरच्या ॲक्रिलिकला काचेची गरज नसते. तो खर्च वाचवा. इंटिरियरवाल्यामार्फत घेत असाल तर त्याचं कमिशन किमतीत आहे की वेगळं, ते लिहून मागा.

तुमच्यासाठी खास काढून घेणार असाल तर फोटो, रंग, ठिकाणं सांगा: पवनारची धाम नदी, सेवाग्रामच्या मातीच्या भिंती, आईच्या गावचा समुद्र. चित्रातले आकार मात्र चित्रकारावर सोडा. आधी लहान रंगीत कच्चं चित्र मागा आणि किती वेळा बदल फुकट, ते ठरवा. आगाऊ एक तृतीयांशापेक्षा जास्त देऊ नका. ॲक्रिलिक लवकर वाळतं. तैलरंगाला शेवटचं व्हार्निश द्यायला सहा महिने ते वर्ष थांबावं लागतं, ते कोण देणार आणि किती घेणार, आत्ताच विचारा.

कागद तीन: बिल; चित्राचा फोटो, नाव, वर्ष, माध्यम, माप आणि सही असलेलं प्रमाणपत्र; आणि तयार घेतलेलं चित्र पत्रिकेवर किंवा कॅलेंडरवर छापणार असाल तर लेखी परवानगी. तयार चित्र विकत घेऊन तुमचं झालं तरी ते छापायचा हक्क चित्रकाराकडेच राहतो; पैसे देऊन खास काढून घेतलेल्या चित्राचा हक्क मात्र, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. किंमत दोन लाखांच्या वर असेल तर पॅन द्यावा लागेल, आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख कुणी घेऊच शकत नाही.

वाहतूक मे महिन्यात टाळा. वर्ध्याच्या उन्हात बंद गाडीत ॲक्रिलिक मऊ पडतं, बबल रॅप चिकटतो आणि गोल गोल वळ उठतात. मध्ये बटर पेपर घालाच. गुंडाळून आणायचं असेल तर रंगाची बाजू बाहेर ठेवा.

आणि शेवटचा हप्ता देण्याआधी चित्र उलटं करून मागची बाजू बघा. ओलीचे डाग, सैल कॅनव्हास किंवा वाकलेली चौकट दिसली, तर दुरुस्ती होईपर्यंत पैसे देऊ नका.