टाकलेलें मूल आणि सोंपविलेलें मूल

नागरिकशास्त्राच्या तासास एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारिलें, "ज्या आईस मूल सांभाळणें शक्यच नाहीं, तिनें कायद्याप्रमाणें काय करावें?" त्या वेळीं आमच्यापाशीं नीट उत्तर नव्हतें. पुढें कायद्याचीं पुस्तकें पाहून जें समजलें तें येथें मांडितों.

बारा वर्षांखालील मूल कायमचें टाकून देण्याच्या हेतूनें कोठेंही सोडणाऱ्या मातापित्यांस सात वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा, असें १८६० च्या दंडसंहितेचें ३१७ वें कलम होतें. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत तेंच ९३ वें कलम झालें. लोकांच्या कानीं एवढेंच येतें, आणि भ्यालेली आई अंधारांत उकिरडा शोधते.

परंतु टाकणें निराळें, सोंपविणें निराळें. २०१५ च्या बालन्याय कायद्याचें ३५ वें कलम सांगतें कीं, शारीरिक, भावनिक किंवा सामाजिक अशा आपल्या हाताबाहेरच्या कारणांनीं मूल सोडूं इच्छिणाऱ्यानें तें बालकल्याण समितीपुढें न्यावें. समिति चौकशी करिते, समजावून सांगते, मग लेख होतो. आणि त्यानंतरही फेरविचारास दोन महिने मिळतात. या दोन महिन्यांतच कायद्याचें शहाणपण आहे, असें आम्हांस वाटतें. लाज, भीति आणि बाळंतपणाचा अशक्तपणा यांच्या भरांत केलेला निश्चय पालटूं शकतो, हें त्यानें ओळखिलें आहे.

हा विचार आपल्याकडे अगदींच नवा नाहीं. १८६३ सालीं पुण्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढिलें. विधवांनीं तेथें गुप्तपणें बाळंत व्हावें, मूल न्यावें अथवा ठेवावें, कोणी नांव विचारणार नाहीं, अशी सोय होती. (जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले होते, त्याचा आम्हां मिशनशाळेच्या शिक्षकांस थोडा अभिमान वाटला, तर वाचकांनीं क्षमा करावी.) अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनीं दत्तक घेतला. तो यशवंत पुढें डॉक्टर झाला.

आतां सांपडलेल्या मुलाविषयीं. असें मूल ज्याच्या दृष्टीस पडेल त्यानें चोवीस तासांच्या आंत पोलिसांस, समितीस किंवा १०९८ या दूरध्वनीवर कळविलेंच पाहिजे. न कळविणें हाच गुन्हा आहे. दया येऊन तें परस्पर कोणास देऊन टाकणेंही कायद्यास मान्य नाहीं.

दुसऱ्या आठवड्यांत त्या विद्यार्थ्यास बोलावून आम्हीं हें सर्व सांगितलें. त्यानें निमूटपणें ऐकून घेतलें, आणि वहींत १०९८ एवढाच आंकडा लिहिला.