संदर्भोल्लेख, कर्तृत्व आणि प्रभाव : नाशिकच्या कोरीव लेखांच्या अभ्यासपरंपरेच्या निमित्ताने

एखाद्या अभ्यासकाचा पुढील संशोधनावर किती प्रभाव पडला, हे त्याच्या लेखनाचे किती वेळा संदर्भ दिले गेले यावरून मोजता येईल काय, हा प्रश्न ग्रंथालयशास्त्राच्या कक्षेतून आता वाङ्मयाभ्यासाच्या कक्षेतही आला आहे. पदोन्नती, संशोधन-अनुदान आणि विभागांचे मूल्यमापन यांच्याशी तो जोडला गेल्यामुळे महाविद्यालयीन अध्यापकाला त्याकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा तात्त्विक ऊहापोह करण्याऐवजी एका ठोस उदाहरणाच्या आधारे त्याचा विचार करावयाचा आहे. हे उदाहरण नाशिकच्या पांडवलेण्यांतील कोरीव लेखांच्या वाचनपरंपरेचे होय.

अंबड-पाथर्डी परिसरातून मुंबई-आग्रा महामार्गाने जाताना त्रिरश्मीचा डोंगर सहज दृष्टीस पडतो. अंबड आज औद्योगिक वसाहतीसाठी ओळखले जाते. परंतु या डोंगरातील लेखांत गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या अक्षयनिधीचा व त्यावरील व्याजाचा तपशील आलेला आहे. उषवदाताने ठेवलेल्या ३००० कार्षापणांपैकी २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ या दराने आणि १००० दुसरीकडे शेकडा पाऊण या दराने ठेवले होते. हे आपण आज निःशंकपणे सांगतो. ते आपल्याला कोणामुळे कळले, हे मात्र आपण क्वचितच विचारतो.

१. पद्धतीची पार्श्वभूमी

ग्रंथव्यवहाराला संख्याशास्त्र लावण्याची कल्पना आपल्याकडे परकी नाही. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९४८ मध्ये इंग्लंडमधील एका परिषदेत 'लायब्रमेट्री' ही संज्ञा सुचविली होती. युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये विज्ञानासाठी संदर्भोल्लेख-सूचीची कल्पना मांडली, आणि पुढील दशकात ती प्रत्यक्षात आली. कला व मानव्यविद्यांसाठीची अशी सूची १९७८ मध्ये सुरू झाली. २००५ मध्ये जॉर्ज हर्श यांनी 'एच-निर्देशांक' सुचविला. ज्या अभ्यासकाच्या दहा लेखांचे प्रत्येकी किमान दहा उल्लेख झाले असतील आणि अकरा लेखांना प्रत्येकी अकरा उल्लेख लाभले नसतील, त्याचा निर्देशांक दहा.

या सर्व पद्धतींच्या मुळाशी तीन गृहीतके आहेत. पहिले, संदर्भोल्लेख हा ऋणनिर्देश असतो. दुसरे, तो मूळ कर्त्याच्या नावानेच होतो. तिसरे, मोजणाऱ्याच्या सूचीत ते लेखन समाविष्ट असते. नाशिकच्या लेखांच्या संदर्भात ही तिन्ही गृहीतके तपासून पाहता येतात.

२. वाचनपरंपरेचा आलेख

या लेखांवरील आरंभीचे महत्त्वाचे लेखन डॉ. जॉन स्टीव्हन्सन यांचे. ते रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानंतर वेस्ट बंधूंनी ठसे व नकला प्रसिद्ध केल्या. १८७४ मध्ये लंडन येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेसाठी रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी या लेखांवर निबंध पाठविला. १८८३ मध्ये पश्चिम भारताच्या पुरातत्त्व-सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात जॉर्ज ब्यूलर यांची वाचने आली. त्याच वर्षी मुंबई गॅझेटिअरचा नाशिकविषयक सोळावा खंड निघाला. त्यातील पांडवलेण्यांचे विस्तृत प्रकरण पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी दिलेले आहे. पुढे एमिल सेनार यांनी 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात (१९०५-०६) समग्र संपादन केले. ल्यूडर्स यांनी १९१२ मध्ये आपल्या सूचीत प्रत्येक लेखाला क्रमांक दिला. मराठीत वा. वि. मिराशी यांचा 'सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांचा इतिहास आणि कोरीव लेख' हा ग्रंथ १९७९ मध्ये आणि त्याचा इंग्रजी अवतार १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला.

या आलेखावर संदर्भोल्लेखांची मोजणी केली तर काय हाती लागेल?

३. कर्ता झाकला जाणे

पहिली अडचण कर्तृत्वाची. भगवानलाल इंद्रजी (१८३९-१८८८) हे जुनागढचे. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी त्यांनी दीर्घकाळ प्रवास करून लेखांच्या नकला घेतल्या. त्या नकलांच्या आधारे भाऊ दाजींचे निबंध सिद्ध झाले. ते निबंध उद्धृत करणारा अभ्यासक साहजिकच भाऊ दाजींचे नाव लिहितो. १८८१ मध्ये पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांचे एक पुस्तक बर्जेस व भगवानलाल अशा दोघांच्या नावे निघाले. तेथे त्यांचे नाव मुखपृष्ठावर आहे, म्हणून ते सूचीत येते. दोनच वर्षांनी आलेले नाशिकचे प्रकरण मात्र गॅझेटिअरच्या पोटात आहे. पुढील लेखक 'नाशिक गॅझेटिअर, १८८३' एवढेच लिहितात, फार तर संपादक कॅम्बेल यांचे नाव जोडतात. माणूस एकच, विषयही जवळपास एकच. परंतु पहिल्या ठिकाणी त्याच्या खात्यावर गुण जमा होतात, दुसऱ्या ठिकाणी ते सरकारी प्रकाशनाच्या खात्यावर जातात.

येथे कोणी कोणाचे श्रेय लुबाडले असे म्हणण्याचे कारण नाही. योगदानाची नोंद त्या ग्रंथात आहेच. ती पुढच्या संदर्भाच्या ओळीत उतरत नाही, एवढेच. म्हणजे दोष मूळ ग्रंथापेक्षा उद्धृत करण्याच्या आपल्या सवयीत अधिक आहे.

४. उल्लेखांची विभागणी आणि लोप

दुसरी अडचण क्रमांकांची. एकच लेख वेस्ट यांच्याकडे एका क्रमांकाने, सेनार यांच्याकडे दुसऱ्या आणि ल्यूडर्स यांच्याकडे तिसऱ्या क्रमांकाने ओळखला जातो. गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख सेनार यांच्या संपादनात क्रमांक २, तर ल्यूडर्स-सूचीत क्रमांक ११२३ आहे. हा क्रमांक लिहिणारा ल्यूडर्स यांचा उल्लेख करतो. वस्तुतः त्याने वापरलेले वाचन बहुधा सेनार यांचे असते. पत्ता देणारा आणि घर बांधणारा यांत मोजणी फरक करीत नाही.

तिसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी तिच्याकडे लक्ष वेधले होते. एखादे संशोधन इतके सर्वमान्य होते की त्याचा संदर्भ देण्याची कोणाला गरजच वाटत नाही. उषवदात हा नहपानाचा जावई होता, हे वाक्य आज शालेय पुस्तकातही संदर्भाविना येते. ज्यांनी झिजलेली ब्राह्मी अक्षरे लावून हे नाते निश्चित केले, त्यांच्या यशाची खूण म्हणजे त्यांचा उल्लेख थांबणे. प्रभाव सर्वाधिक असतो तेथे संख्या शून्याकडे जाते.

नाशिकजवळच जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. वरचा छाप वाचणारा खालचा राजा विसरतो. नाणकशास्त्रज्ञ मात्र दोन्ही वाचतो. संदर्भोल्लेखाचे विश्लेषण करणाऱ्याकडून याहून कमी अपेक्षा ठेवता येणार नाही.

५. मतभेदाचा उल्लेख आणि भाषेचा प्रश्न

संदर्भोल्लेख म्हणजे ऋणनिर्देश, हे गृहीतकही पूर्णपणे टिकत नाही. नहपानाच्या लेखांतील ४१, ४२, ४५ आणि जुन्नरच्या लेखातील ४६ ही वर्षे शककालाची मानावीत की नाहीत, यावर दीर्घ वाद झाला. या वादात अनेक मतांचा उल्लेख ती खोडण्यासाठीच होतो. असे उल्लेख निरर्थक नसतात, कारण खोडून काढण्याइतके मत महत्त्वाचे ठरणे हाही प्रभावच आहे. परंतु त्यांची बेरीज संमतीच्या उल्लेखांत करणे अशास्त्रीय होय.

भाषेचा प्रश्न मराठी विभागांना अधिक जवळचा आहे. भगवानलालांचे काही महत्त्वाचे निबंध मुळात गुजरातीत लिहिलेले होते आणि ब्यूलरप्रभृतींनी ते इंग्रजीत आणले. मिराशींचा ग्रंथ मराठीत आधी आला. तरीही आंतरराष्ट्रीय सूचीत दिसण्याची शक्यता १९८१ च्या इंग्रजी आवृत्तीला अधिक. मराठी नियतकालिकांतील संदर्भांची सर्वंकष नोंद ठेवणारी यंत्रणा नसताना मराठीतील लेखनाचा प्रभाव 'कमी' म्हणणे म्हणजे ज्या खोलीत दिवाच लावलेला नाही तेथे वस्तू नाहीत असे म्हणण्यासारखे आहे.

६. अनाम रचनाकार

वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे आणखी एक गोष्ट जाणवते. पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातील बलश्रीच्या लेखात गौतमीपुत्राचे वर्णन दीर्घ समासांच्या अलंकृत प्राकृत गद्यात केले आहे. ब्यूलर यांनी १८९० च्या आपल्या प्रबंधात अशा लेखांच्या आधारे भारतीय अलंकृत काव्यशैलीचे प्राचीनत्व प्रतिपादिले, आणि काव्येतिहासाच्या कालनिश्चितीला वेगळी दिशा मिळाली. या लेखात दान देणारीचे नाव आहे, तिच्या पुत्राचे आहे, नातवाचे आहे. शब्दरचना करणाऱ्याचे नाव नाही. ज्याच्या गद्याने एका वाङ्मयप्रकाराच्या इतिहासाचा पुरावा पुरविला, त्याच्या नावावर एकही संदर्भोल्लेख जमा होऊ शकत नाही.

७. काय करावे

याचा अर्थ मोजणी टाकाऊ आहे असा नव्हे. शंकर गणेश दाते यांनी १८००-१९३७ आणि १९३८-१९५० या कालखंडांच्या मराठी ग्रंथसूची एकहाती सिद्ध केल्या नसत्या, तर मराठी ग्रंथव्यवहाराविषयी आपण केवळ तर्कच करीत राहिलो असतो. शिस्तबद्ध नोंद हे संशोधनाचे मूलधन आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० पासून अध्यापकांच्या लेखनाला गुणांक लावले, नंतर नियतकालिकांची 'केअर' यादी केली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंद करून गुणवत्ता ठरविण्याची जबाबदारी संस्थांकडे सोपविली. ही जबाबदारी पेलावयाची तर स्वतःची साधने हवीत.

पदव्युत्तर विद्यार्थ्याला आरंभ करता येईल असा एक छोटा प्रकल्प सुचवावासा वाटतो. एका मराठी नियतकालिकाची दहा वर्षांची फाइल घ्यावी आणि प्रत्येक संदर्भासमोर चार नोंदी कराव्यात : प्रत्यक्ष मजकुराचा कर्ता कोण, उल्लेख कोणाच्या नावे झाला, तो आधार, मतभेद की केवळ उपचार यांपैकी कशासाठी आला, आणि लेखकाने मूळ ग्रंथ पाहिला की दुसऱ्याच्या आधारे उल्लेख केला. पहिल्या दोन रकान्यांत जेथे तफावत आढळेल, तेथे एखादा भगवानलाल सापडण्याचा संभव आहे.

८. समारोप

संदर्भोल्लेखांची संख्या हे प्रभावाचे मोजमाप नसून प्रभावाच्या शोधाचा आरंभबिंदू आहे, असा निष्कर्ष या उदाहरणावरून काढता येतो. संख्या मोठी असेल तर ती कशामुळे, आणि लहान असेल तर नाव कोठे गळाले, हे विचारणे विश्लेषकाचे काम होय. संदर्भ देणाऱ्याचे काम त्याच्याही आधीचे आहे. गॅझेटिअरचा पृष्ठांक लिहिताना त्या पृष्ठाचा लेखक कोण, हे एकदा पाहून घेणे आपल्या प्रत्येकाच्या हाती आहे.