दूरदर्शनवर हसताना

चि. मृण्मयीस,


ताईचा काल फोन आला होता. रविवारच्या पुरवणीत सह्याद्री वाहिनीच्या आठवडाभरातल्या संध्याकाळच्या कार्यक्रमांवर खुसखुशीत लिहायचं काम तुला मिळालं, हे ऐकून फार बरं वाटलं. तुला विनोद साधतो याची मला खात्री आहे. कॉलेजच्या अंकातला मेसच्या आमटीवरचा तुझा लेख मी कितीजणांना वाचून दाखवलाय! तरीही हे पत्र लिहितोय, कारण दूरदर्शनची टिंगल करणं फार सोपं असतं, आणि त्या सोपेपणातच चांगली लिहिणारी मुलं अडकून पडतात.

मागचा पडदा, टेबलावरची फुलं, निवेदिकेचं ठरलेलं स्मित, मध्येच येणारी ‘व्यत्यय’ची पाटी. दूरदर्शनचं मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि पहिली काही वर्षं सरताच या गोष्टींवरचे विनोदही सुरू झाले. तू पहिल्या लेखात पडद्याच्या रंगावर लिहिशील, वाचक हसतील. तिसऱ्या रविवारीही पडदाच आला, तर पान उलटतील. तेव्हा पडदा सोड आणि पडद्यापुढे बसलेल्या माणसाकडे बघ.

समज, ‘आमची माती आमची माणसं’ चालू आहे. सोलापूरकडच्या एका डाळिंबवाल्या शेतकऱ्याला बोलावलंय. कडक इस्त्रीचा शर्ट, दोन्ही हात मांड्यांवर. बघायचं कॅमेऱ्याकडे की समोरच्या साहेबांकडे, हे त्याचं अजून ठरत नाहीये. साहेब विचारतात, ‘आपण ठिबक सिंचनाचा अवलंब करून, माती परीक्षणानुसार खतांच्या मात्रा देऊन, एकात्मिक कीड व्यवस्थापनाद्वारे उत्पादनात लक्षणीय वाढ केलीत, तर त्याविषयी आमच्या शेतकरी बांधवांना काय सांगाल?’ शेतकरी म्हणतो, ‘होय.’ थोडा थांबतो, मग म्हणतो, ‘केली.’

इथे तू हसशील, मीही हसेन. पण नीट बघ, विनोद कुठे आहे? त्या गृहस्थानं बरोबरच उत्तर दिलंय. सगळं उत्तर प्रश्नातच भरून झाल्यावर त्यानं आणखी काय बोलायचं? हसायचं ते त्या प्रश्नाला आणि तो लिहून देणाऱ्याला. शेतकऱ्याच्या ‘होय’वर हसलीस, तर तो लेख माझ्या मते वाया गेला. आणि तिथेच टीव्ही बंद करू नकोस. थोड्या वेळानं तेल्या रोगाचा विषय निघतो, शेतकऱ्याचे हात मांड्यांवरून उठतात, तो कॅमेरा विसरतो आणि झाडाला हात लावून सांगावं तसं आपल्या बोलीत सांगू लागतो. साहेबांचा कागद हातातच राहतो. ही दोन मिनिटं तुझ्या लेखात यायलाच हवीत. ती मिळवायची तर कार्यक्रम शेवटपर्यंत बघावा लागतो.

फोनवरच्या कार्यक्रमांचंही तेच. ‘आधी टीव्हीचा आवाज कमी करा’ हे वाक्य तू दर आठवड्याला ऐकशील. लातूरच्या आजी गुडघेदुखीबद्दल विचारता विचारता सुनेच्या बाळंतपणावर येतात, आणि डॉक्टर अदबीनं ‘हो आजी, हो आजी’ म्हणत राहतात. आजींची नक्कल करून तुला टाळ्या मिळतील. त्या टाळ्या घेऊ नकोस. इतक्या सावकाश बोलणाऱ्या माणसाला दुसरीकडे कोण बोलू देतं?

आपल्याकडे असं हसवण्याची फार चांगली परंपरा आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’मध्ये रूढींची रेवडी उडवली, पण सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या स्वतःच त्या गोंधळाच्या मधोमध उभे असतात. चिं. वि. जोशींचा चिमणराव तर आपली फजिती आपणच सांगतो. तो मुंबई दूरदर्शनवर आला तेव्हा दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. घरोघर माणसं हसली, आणि कुणाचाही पाणउतारा न होता हसली. ‘गजरा’ हा कार्यक्रमही तसाच. झगमगाट नव्हता, नाटकातली कसलेली मंडळी आणि चुरचुरीत लिहिलेले छोटे प्रवेश एवढ्यावर तो चालला. चिमणरावाच्या मालिकेचे आणि ‘गजरा’चे जे भाग मिळतील ते बघ आणि संवाद कुठे तोडलाय तेवढंच टिपून घे.

‘साप्ताहिकी’ तुला आठवणार नाही. येत्या आठवड्यात काय काय दाखवणार ते त्यात सांगायचे, आणि लोक पेन्सिल घेऊन वेळा लिहून ठेवायचे. आकाशानंद यांच्या ‘ज्ञानदीप’चे प्रेक्षक तर बघून थांबले नाहीत, त्यांनी गावोगाव ज्ञानदीप मंडळं काढली. एवढा जीव लावून बघणारा प्रेक्षक या वाहिनीला लाभला होता. त्यातले पुष्कळजण आता म्हातारे झालेत आणि अजूनही सातच्या बातम्यांना समोर येऊन बसतात. तुझा लेख तेही वाचणार आहेत.

याचा अर्थ गोडगोड लिही असं नाही. बोचायचं तिथे बोच. उद्‌घाटनाची फीत, मग दीपप्रज्वलन, मग सत्कार आणि मग त्याच मंत्र्यांचं भाषण, यातच बातमीपत्राची पहिली मिनिटं गेली, तर मिनिटं मोजून लिही. ‘संपन्न झाले’ एका बातमीपत्रात किती वेळा आलं तेही मोज. तेच चर्चासत्र पुन्हा दाखवलं, तर तसं सांग. लोकांच्या पैशावर चालणारी वाहिनी आहे, लोकांच्या वतीनं विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे. जो निर्णय घेतो त्याला धर. वरळीच्या स्टुडिओत जो आयुष्यात एकदाच घाबरत येऊन बसतो, त्याला सोड.

एक रीत पाळ. मोबाईलवर फिरणाऱ्या तुकड्यांवरून लिहू नकोस. ते कुणीतरी हसण्यासाठीच कापलेले असतात, अलीकडचं पलीकडचं त्यात नसतं. वही घेऊन बस आणि वाक्य कानावर पडेल तसंच्या तसं उतरव. पदरचा मीठमसाला लावलेल्या वाक्यापेक्षा खरं वाक्य जास्त हसवतं, शिवाय उद्या कुणी हरकत घेतली तर तुझ्याकडे उत्तर असतं. आणि एखाद्या संध्याकाळी कार्यक्रम खरोखर चांगला झाला, एखाद्या खेड्यातल्या मुलीनं सुरेख अभंग गायला, तर त्या आठवड्यात विनोद बाजूला ठेवून तेवढंच लिही. संपादक कुरकुरले तर त्यांच्याशी भांड.

पहिला लेख कार्यालयात देण्याआधी आईला मोठ्यानं वाचून दाखव. ती रोज ही वाहिनी बघते. ऐकताना तिला जिथे कुणाची दया येईल, तेवढ्या ओळी काढून टाक, आणि मग मला पाठव.

तुझा,
मामा