मागणी मेली की झोपली? साथीच्या काळातील कारागिराचा हिशेब

लग्नसराई बुडाली की पिंजाऱ्याचे वर्ष बुडते. वारी बुडाली की पंढरपूरच्या आसपासच्या कित्येक कारागिरांचे वर्ष बुडते. २०२० साली या दोन्ही गोष्टी एकदमच घडल्या. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. विठ्ठल मंदिर त्याआधीच, १७ मार्चला, दर्शनासाठी बंद झाले होते. १ जुलैच्या आषाढीला पालख्या पायी न येता मोजक्या माणसांसह एस.टी.ने आल्या. २०२१ च्या आषाढीलाही पायी वारी झाली नाही. ती २०२२ साली पुन्हा सुरू झाली.

पंढरपूर-टेंभुर्णी रस्त्यावरील करकंबसारख्या गावात कारागिराचे गिऱ्हाईक साधारणपणे तीन वाटांनी येते : आठवडे बाजार, लग्नकार्ये आणि वारीची वर्दळ. तिन्ही वाटा बंद झाल्यावर त्याच्यापुढे एकच प्रश्न उरतो : दुकान बंद करून दुसरी रोजी शोधावी, की कळ काढावी? याचे उत्तर धीर किंवा भीती यांवर सोडू नये. ते वहीतून काढता येते. कसे, ते या पाठात पाहू.

किती महिने तग धरता येईल?

समजा, एका पिंजारी बंधूंचा गाद्या-उश्यांचा धंदा आहे. दरमहा दुकानभाडे २,००० रुपये, पिंजण यंत्राचा हप्ता ३,०००, वीज ५००, मदतनिसाला काम नसतानाही निम्मा पगार २,५०० आणि घरखर्च ८,००० रुपये. एकूण १६,००० रुपये. हाती रोख ४८,००० रुपये आहेत. म्हणजे तग तीन महिन्यांची.

आता त्यांनी घरमालकाशी बोलून भाडे निम्मे करून घेतले आणि हप्ता पुढे ढकलला. खर्च १२,००० वर आला. तग चार महिन्यांची झाली. शिवाय जुन्या गाद्या उसवून, कापूस पुन्हा पिंजून भरून देण्याचे काम घेतले आणि त्यातून महिन्याला ४,००० रुपये सुटले, तर खिशातून ८,०००च जातात. तग सहा महिन्यांची होते. रोख तीच, पण मुदत दुप्पट.

येथे दोन सावधगिऱ्या. गोदामातील कापूस, खोळींचे कापड आणि लोकांकडील उधारी यांना रोख समजू नये. बाजार बंद असताना माल विकत नाही आणि उधारी वसूल होत नाही. दुसरे असे की, हप्ता पुढे ढकलणे म्हणजे माफी नव्हे. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० या काळातील हप्ते लांबविण्याची मुभा दिली, पण त्या काळात व्याज चालूच होते. सवलत समजून ज्यांनी ती रक्कम खर्च केली, त्यांचा बोजा वाढला.

मागणी मेली की झोपली?

तग किती हे कळल्यावर खरा प्रश्न येतो : आपल्या मालाची मागणी कायमची गेली, की काही काळ थांबली? या बाबतीत मिरजेच्या कारागिरांचा इतिहास अभ्यासण्याजोगा आहे. तेथील सितार-तंबोरा बनविणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अंमल आला आणि तलवारीची मागणी संपली. ती परत येणारी नव्हती. तेव्हा फरीदसाहेब सितारमेकर व त्यांच्या बंधूंनी आपला हात तंतुवाद्यांकडे वळविला. माल बदलला, हुनर टिकले. या वाद्यांसाठी लागणारे भोपळे आपल्याच पंढरपूर भागात भीमाकाठी पिकतात.

२०२० साली त्याच धंद्यावर पुन्हा संकट आले. मैफली बंद झाल्या, वाद्यांची मागणी थंडावली. पण या वेळी मागणी मेली नव्हती, झोपली होती. लोक गाणे सोडणार नव्हते. म्हणून कळ काढणे हाच योग्य मार्ग होता. २०२४ साली मिरजेच्या सितारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. एकदा धंदा बदलणे बरोबर ठरले, एकदा टिकून राहणे. फरक कारागिराच्या हिमतीत नव्हता, मागणीच्या जातीत होता.

आता आपल्या पिंजारी बंधूंकडे वळू. लग्ने पुढे ढकलली गेली, ती मागणी झोपलेली. परंतु साथीच्या आधीच जी गिऱ्हाइके फोमच्या गादीकडे वळली, ती साथ गेल्यावर परतणार नाहीत. म्हणून २०१९ ची वही उघडून पाहावी. तेव्हाच विक्री घटत असेल, तर दोष साथीचा नाही. साथीने फक्त दुखणे उघडे केले. अशा वेळी सारे भांडवल नव्या गाद्यांत न अडकविता, फोमला जमत नाही ते काम वाढवावे : जुनी गादी पिंजून भरणे, बाळंतिणीची व बाळाची अंथरुणे, मापाप्रमाणे उश्या व लोड.

घाईने पकडलेला नवा माल मात्र जपून घ्यावा. २०२० साली पुष्कळ शिंप्यांनी मास्क शिवले. त्याने काही महिने चूल पेटली, हे चांगलेच झाले. पण मास्कला लागेल तेवढे कापड घेणे वेगळे आणि मास्कसाठी कर्ज काढून चार यंत्रे घेणे वेगळे. संकटातून जन्मलेली मागणी संकटाबरोबरच ओसरते.

कागद आणि माणूस

मे २०२० मध्ये सरकारने छोट्या उद्योगांसाठी बिनतारण आपत्कालीन कर्जाची हमी जाहीर केली. हे कर्ज २९ फेब्रुवारी २०२० रोजी बाकी असलेल्या कर्जाच्या २० टक्क्यांपर्यंत मिळे. म्हणजे ज्याचे खाते बँकेत आधीपासून चालू, त्यालाच ते मिळे. हात कितीही कसबी असला, तरी कागदावर नसलेला धंदा तेथे दिसत नाही. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी विनामूल्य आहे. ती अवश्य करावी. कर्ज घ्यायचे की नाही, हा ज्याच्या-त्याच्या विचाराचा भाग आहे, पण नोंद असणे सर्वांच्याच हिताचे.

शेवटची गोष्ट माणसाची. दुकानाचा गाळा पुन्हा मिळतो, यंत्रही पुन्हा घेता येते. मात्र दहा वर्षे तयार झालेला कारागीर पोटासाठी पुण्या-मुंबईला गेला की सहसा परतत नाही. म्हणून काटकसर करताना आधी गाळा लहान करावा, मग माल कमी करावा आणि कारागिराचा पगार शेवटी कापावा.

कारागीर बंधूंनो, संकट येण्याची वाट न पाहता आजच वहीत चार ओळी लिहा. दरमहा अटळ खर्च किती? हाती रोख किती? तग किती महिन्यांची? आणि गेल्या तीन वर्षांत कोणता माल दर वर्षी कमी विकला गेला? पहिल्या तीन ओळी किती थांबता येईल ते सांगतील. चौथी ओळ थांबावे की वळावे ते सांगेल.