पावणेदोन सेकंदांची शर्यत

गुरुत्वीय लहरी प्रकाशाच्याच वेगाने धावतात काय? याचा निकाल एका लहानशा चमकेने लावला.

फर्मी या अवकाश दुर्बिणीवर सोडियम आयोडाइडचे १२ स्फटिक निरनिराळ्या दिशांना तोंड करून बसविले आहेत. गॅमा किरण आदळला की स्फटिक क्षणभर उजळतो. कोणता अधिक उजळला, यावरून दिशेचा अंदाज येतो.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी फर्मीने सुमारे २ सेकंदांचा गॅमा-स्फोट टिपला. दोन न्यूट्रॉन तारे आदळून एक झाले होते. त्या टकरीच्या गुरुत्वीय लहरी १.७ सेकंद आधीच पृथ्वीवर पोचल्या होत्या. अंतर सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे! विद्यार्थी मित्रांनो, तेवढ्या वर्षांचे सेकंद करून पाहा : ४ वर १५ शून्ये. आणि किरण मुळातच थोडे उशिरा निघाले असणेही शक्य आहे. गुरुत्वाकर्षणाचे कित्येक पर्यायी सिद्धांत त्या दिवशी बाद झाले.