दुकानात शिरताना हेल्मेट काढायचं का?

प्रश्न : मी अक्कलकुवा तालुक्यातल्या एका पाड्यावर राहतो. बाजारहाट, खत-बियाणं, औषधं, सगळ्यासाठी मोटारसायकलवर खापरला येतो. रस्त्यावर ट्रकची वर्दळ असते, म्हणून हेल्मेट न चुकता घालतो. मध्यंतरी घाईत तसाच एका दुकानात शिरलो, तर मालक चारचौघांत म्हणाले, "आधी ते डोक्यावरचं काढा." मला फार लागलं. शेजारी डोक्याला रुमाल बांधून एक आजोबा उभे होते, त्यांना कोणी काही म्हणालं नाही. दुकानात हेल्मेट काढायलाच हवं असा कायदा आहे का? नसेल तर ही रीत आली कुठून, आणि ती पाळायची कुठवर?
(एक वाचक, खापर परिसर)

उत्तर : तुमचा प्रश्न अनेकांच्या मनातला आहे. हेल्मेट वापरणारे वाढतील तसा तो गावोगावी निघणार आहे, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो.

आधी कायदा. दुकानात शिरताना हेल्मेट काढा, असं सांगणारं कलम मोटार वाहन कायद्यात नाही. 1988 च्या या कायद्याचं 129 वं कलम आहे ते रस्त्यासाठी. चार वर्षांवरच्या प्रत्येकानं दुचाकीवर हेल्मेट घातलं पाहिजे, मग तो चालवणारा असो की मागे बसलेला, आणि त्याचा पट्टा नीट बांधलेला असला पाहिजे, असं ते सांगतं. पगडी बांधणाऱ्या शिखांना त्यातून सूट आहे. 2019 च्या दुरुस्तीनं केंद्राच्या कायद्यात यासाठी 1,000 रुपये दंड आणि तीन महिने परवान्यासाठी अपात्र ठरवण्याची तरतूद आली. कायदा केंद्राचा असल्यामुळे खापरहून हद्द ओलांडून गुजरातेत सागबाऱ्याकडे गेलात तरी कलम तेच लागू आहे.

दुकान मात्र मालकाची जागा आहे. तिथे येणाऱ्यांनी काय पाळावं हे तो ठरवू शकतो, फक्त ते सगळ्यांना सारखं असलं पाहिजे. बँकांच्या आणि एटीएमच्या दारावर हेल्मेट काढण्याच्या सूचना असतात, त्याही याच हक्कानं. ब्रिटनमध्ये बँकांत आणि पेट्रोल पंपांवर अशा पाट्या सर्रास दिसतात. आपल्याकडे पंपावर नेमकी उलटी गोष्ट घडली होती. 2016 साली तेव्हाचे परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी 'हेल्मेट नाही, तर पेट्रोल नाही' असा निर्णय जाहीर केला. पंपचालकांनी विरोध केल्यावर तो सौम्य करावा लागला. म्हणजे एकाच रस्त्यावर पंपवाल्यानं हेल्मेट घाला म्हणायचं आणि शेजारच्या सराफानं काढा म्हणायचं, अशी वेळ येऊ शकते. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे. हेल्मेट रस्त्यासाठी आहे, आणि पंपावरून माणूस पुन्हा रस्त्यावरच जातो.

आता रीत. आजोबांच्या रुमालाकडे तुमचं लक्ष गेलं, ते बरं झालं. खानदेशात काय किंवा उरलेल्या महाराष्ट्रात काय, डोकं झाकणं हा कधीच उद्धटपणा नव्हता. पागोटं, रुमाल, टोपी, पदर ही मानाची खूण. सत्कार करायचा तर आपण पाहुण्याला टोपी घालतो, टॉवेल देतो. वडीलधाऱ्यांपुढे टोपी उतरवून उभं राहण्याची चाल युरोपातली, आपली नव्हे. तेव्हा डोक्यावर काही असणं हा दुकानदाराचा अपमान आहे, असं मानायचं कारण नाही. हेल्मेटला टोपीचा नियम लावला की घोटाळा होतो. ते टोपीपेक्षा पायातल्या चपलेच्या जवळचं आहे. चपलेसारखंच ते वाटेसाठी घालायचं, आणि वाट संपली की उंबऱ्याशी उतरवायचं.

ते उतरवायचं ते डोकं उघडं करायला नव्हे. चेहरा दिसावा आणि बोलणं ऐकू यावं, यासाठी. पूर्ण चेहऱ्याच्या हेल्मेटमध्ये गालांवर जाड गाद्या येतात, हनुवटीपुढे आडवी पट्टी येते. आतल्याचा आवाज दबून बाहेर पडतो आणि बाहेरचं बोलणंही त्याच्या कानात अर्धवट शिरतं. काच खाली असेल तर ओठ दिसत नाहीत आणि डोळेही नीट दिसत नाहीत. मेडिकलच्या काउंटरवर हे धोक्याचं आहे. सारख्या उच्चारांची औषधं शेकड्यांनी आहेत, आणि दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर, हे दुकानदार तोंडीच सांगतो. कृषी सेवा केंद्रातही तेच. तणनाशक मागितलं आणि कीटकनाशक हातात आलं, तर उभं पीक जातं. पंपाला किती मिलि घालायचं, हा आकडा एकदा चुकीचा ऐकला की नुकसान ठरलेलं.

शिवाय आपल्या बाजारातला बराचसा व्यवहार ओळखीवर चालतो. शेठ चेहरा बघून खातं काढतात, उधारी लिहून घेतात, घरच्यांची चौकशी करतात. झाकलेल्या चेहऱ्याशी यातलं काहीच होत नाही. आणखी एक अगदी साधी अडचण आहे. किराणा दुकानात छतापासून वेफर्सच्या माळा, झाडू, बादल्या लोंबत असतात. हेल्मेटमुळे डोक्याचा घेर वाढलेला असतो आणि बाजूचं, पायाजवळचं कमी दिसतं. मग माळ तुटते, नाहीतर पायाशी बसलेल्या पोराला धक्का लागतो.

दुकानदाराच्या मनातली भीतीही समजून घ्यावी लागेल. गल्ल्यावर एकटा माणूस किंवा एकटी बाई बसलेली असते. समोर चेहरा न दिसणारा कुणी उभा राहिला की मन चरकतंच, आणि पुढे काही विपरीत घडलं तर कॅमेऱ्यात नुसती काळी काच दिसते. होळीच्या आधी चांदीच्या दागिन्यांची खरेदी वाढते, गर्दी होते, तेव्हा सराफाला हा घोर जास्तच असतो. त्यानं हेल्मेट काढायला सांगणं गैर नाही.

गैर होतं ते सांगण्याच्या तऱ्हेत, आणि तुमची तक्रार तिथे रास्त आहे. काठीच्या राजवाडी होळीला किंवा महाशिवरात्रीच्या सुमाराला देवमोगरा मातेच्या यात्रेला निघालेली माणसं मोटारसायकलींवरून या भागातून जातात. धूळ, ऊन आणि थंडी यांमुळे तोंडाला टॉवेल, स्कार्फ, डोक्यावर हेल्मेट. दुकानदारानं त्यातल्या कोणाला हटकावं आणि कोणाला नाही, हे माणसाच्या कपड्यांवरून, बोलीवरून किंवा तो कुठल्या पाड्यावरचा आहे यावरून ठरवलं, तर ती सुरक्षितता राहत नाही, तो संशय होतो. नियम असेल तर तो ओळखीच्या पाटलालाही लागू आणि पहिल्यांदा आलेल्या गिऱ्हाइकालाही. सांगायचं तर हळू आवाजात, कारण देऊन सांगावं : "दादा, जरा हेल्मेट काढता का, बोलणं नीट ऐकू येत नाहीये." एवढ्यानं काम होतं आणि कोणाचा पाणउतारा होत नाही. हेल्मेटसाठीचा हा नियम डोक्यावरचा पदर, रुमाल, टोपी, पगडी किंवा हिजाब यांच्यापर्यंत नेऊ नये. चेहरा दिसतोय, बोलणं ऐकू येतंय, मग डोक्यावर काय आहे ही दुकानदाराची बाब नाही.

पाळायचं कुठवर, तेही सांगतो. रस्त्याकडेच्या टपरीवर गाडीवर बसूनच काही घेत असाल, तर काच वर करून बोललात तरी पुरे. दुकानात पाऊल टाकायचं असेल तर हेल्मेट काढून हातात घ्यावं. बँक, पतसंस्था, एटीएम आणि सराफ यांच्याकडे दाराबाहेरच काढावं, आत जाऊन कोणी सांगायची वाट पाहू नये. तोंडाला बांधलेला टॉवेलही तिथे खाली घ्यावा. पुढून उघडणारं हेल्मेट असेल तर नुसती हनुवटीपुढची पट्टी वर उचलूनही चेहरा दिसतो. एखादा शेठ तेवढ्यावर खूश असेल तर प्रश्नच नाही. कोणाच्या घरी, दवाखान्यात, शाळेत, मयताला जाताना ते बाहेर काढायचं, हे वेगळं सांगायला नको.

काढलेलं हेल्मेट ठेवायचं कुठे, यावर बरीच भांडणं होतात. रस्त्याची धूळ आणि घाम लागलेली वस्तू मिठाईच्या काचेवर, धान्याच्या कट्ट्यावर किंवा वजनकाट्यावर ठेवू नये. पट्टा मनगटात अडकवून हातात धरणं सगळ्यांत बरं. गाडीला हेल्मेटचं कुलूप असेल तर तिथे अडकवावं. गाडीच्या आरशावर मात्र उपडं घालू नये, कारण आरशाचं टोक आतल्या फोममध्ये रुततं. खरं काम तोच फोम करतो. वरचं कवच मार पसरवतं आणि आतला कडक पांढरा थर दबून, चुरून तो मार शोषून घेतो. तो थर एकदा दबला की पुन्हा फुगत नाही, म्हणून अपघातात सापडलेलं हेल्मेट दिसायला धड असलं तरी बदलावं लागतं. पेट्रोलनं हा फोम विरघळतो, तेव्हा टाकीच्या झाकणावरही ते ठेवू नये. घेताना आयएसआय खूण पाहून घ्यावं. जून 2021 पासून ही खूण नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायला देशात बंदी आहे.

काढण्याची एवढी चर्चा केली, तर काढू नये अशी एक वेळही सांगितली पाहिजे. अपघात होऊन कोणी रस्त्यावर पडला असेल तर त्याचं हेल्मेट ओढून काढायला जाऊ नका. मानेच्या मणक्याला इजा असली तर त्या हिसक्यानं कायमचं अपंगत्व येऊ शकतं. काच वर करा, श्वास चालू आहे का पाहा, त्याला धीर द्या आणि 108 ला फोन लावा. श्वासच अडकला असेल आणि काढण्यावाचून गत्यंतर नसेल, तर दोघांनी मिळून काढावं. एकानं मान आणि जबडा खालून स्थिर धरायचा, दुसऱ्यानं पट्टा सोडून हेल्मेट सावकाश सरकवायचं.

हेल्मेटमागे किती मोठा खटाटोप झालेला आहे, हे फार जणांना ठाऊक नसतं. 1935 साली इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स हा नावाजलेला सैनिक-लेखक मोटारसायकलवरून पडला आणि डोक्याच्या जखमेनं काही दिवसांत गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्या मृत्यूनंतर त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा चिकाटीनं अभ्यास केला आणि 1941 मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यानं कामावरच्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सर्व नागरिकांसाठी सक्तीचा कायदा पहिल्यांदा ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं केला, तो 1961 साली. त्यानंतर जगभर झालेल्या अभ्यासांचा एकत्र ताळा मांडला, तेव्हा हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे 69 टक्क्यांनी घटतो असं दिसलं.

म्हणूनच मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. दर दुकानाशी काढा, पुन्हा घाला, याला कंटाळून माणूस बाजारात हेल्मेट हँडलला लटकवून फिरू लागतो. किराण्याच्या दुकानापासून मेडिकलपर्यंत जायचं, तर कशाला घालायचं, असं म्हणतो. खापरचा बाजार अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्याला लागून आहे. तिथला ट्रक तुम्ही दोनशे मीटर निघालात की वीस किलोमीटर, हे बघत नाही. चारचौघांत अपमान झालेला तरुण उद्यापासून हेल्मेट घरीच ठेवून येण्याचीही शक्यता असते. दुकानदाराच्या एका तुसड्या वाक्याची किंमत एवढी मोठी होऊ शकते.

तुम्हाला माझं सांगणं असं : झालं ते मनात ठेवू नका. पुढच्या वेळी दारातच हेल्मेट काढा, म्हणजे कोणी बोलायचा प्रश्नच उरणार नाही. आणि घालायचं मात्र सोडू नका.

खापरच्या दुकानदारांना माझी विनंती आहे. गिऱ्हाइकानं हेल्मेट काढावं असं वाटत असेल तर ते ठेवायची सोयही तुम्ही करा. दाराच्या आत, गल्ल्यावरून नजरेत राहील अशा ठिकाणी, भिंतीला चार-पाच खुंट्या ठोका. खर्च नगण्य आहे. शेजारी पाटी लावा आणि तिच्यावर दोन्ही गोष्टी लिहा : 'हेल्मेट काढून आत या, निघताना घालून जा.' सामानाची पिशवी हातात देताना गिऱ्हाइकाला खुंटीकडे बोट दाखवून आठवण करा. तो सुखरूप घरी पोचला, तरच पुढच्या बाजाराला तुमच्याकडे येणार आहे.