आसरा आणि हक्क

प्रास्ताविक

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी माणसे गाव सोडतात, तेव्हा परतीची वाट त्यांना मोकळी असते. परंतु परतणे म्हणजेच तुरुंग किंवा मृत्यू, अशी वेळ ज्यांच्यावर येते त्यांनी कोठे जावे? या पाठात आपण त्यांच्या हक्कांची ओळख करून घेणार आहोत.

पाठ

१९४३ साली कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी एक परकी वसाहत उभी राहिली. तेथे सुमारे ५००० पोलिश माणसे राहत होती. त्यांत स्त्रिया आणि मुलेच अधिक. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी सोव्हिएत सैन्याने पूर्व पोलंड व्यापला आणि तेथील असंख्य कुटुंबांना सायबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले. त्यांतून सुटलेले काही जण इराणमार्गे भारतात आले. वळिवड्यात त्यांना निवारा मिळाला. त्यांच्या शाळा व चर्चही तेथे सुरू झाले.

युद्ध संपले, तरी प्रश्न संपला नाही. सरहद्दी बदलल्यामुळे अनेकांची गावे सोव्हिएत संघात गेली होती. पोलंडमधील नव्या राजवटीत आपला निभाव लागेल, असा विश्वासही पुष्कळांना वाटत नव्हता. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. काही लोक मायदेशी परतले. कित्येकांनी मात्र इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा असे दूरचे देश गाठले.

या माणसांना आसरा मिळाला तो यजमानांच्या औदार्यामुळे. पण औदार्य आज असते, उद्या आटते. म्हणून आश्रयाला कायद्याचा आधार हवा, हा विचार पुढे आला. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने छळापासून बचावासाठी अन्य देशांत आश्रय मागण्याचा हक्क मान्य केला. १९५१ साली जिनिव्हा येथे निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार संमत झाला. प्रारंभी तो १९५१ पूर्वीच्या घटनांपुरताच होता. १९६७ च्या पूरक कराराने ही मर्यादा दूर केली.

वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांमुळे छळ होईल अशी साधार भीती असल्याने जो स्वदेशाबाहेर आहे आणि त्या देशाचे संरक्षण घेऊ शकत नाही, तो या करारानुसार निर्वासित ठरतो. केवळ अधिक मिळकतीसाठी परदेशी जाणारा निर्वासित नव्हे. युद्धगुन्हे करणाऱ्यालाही हे संरक्षण मिळत नाही.

आश्रय मागणाऱ्याला आपली हकीकत अधिकाऱ्यांपुढे मांडावी लागते. जीव घेऊन पळालेल्याजवळ कागदपत्रे असतीलच असे नाही. म्हणून त्याच्या कथनातील सुसंगती आणि त्याच्या देशातील परिस्थिती यांनाही महत्त्व असते.

या कराराचा प्राण एका नियमात आहे : जेथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे, तेथे निर्वासिताला परत धाडता येत नाही. संकटातून थेट आलेल्या माणसाने विनापरवाना सीमा ओलांडली, पण विनाविलंब अधिकाऱ्यांपुढे हजर होऊन योग्य कारण सांगितले, तर त्याला शिक्षा करता येत नाही. मान्यताप्राप्त निर्वासिताला ओळखपत्र, प्रवासाचा दाखला, न्यायालयात दाद मागण्याची मुभा, रोजगार व धर्माचरणाचे स्वातंत्र्य यांविषयी हक्क मिळतात. त्याच्या मुलांना प्राथमिक शिक्षण स्थानिक मुलांप्रमाणेच मिळावे लागते. हक्कांबरोबर कर्तव्यही येते : आश्रय देणाऱ्या देशाचे कायदे त्याने पाळले पाहिजेत.

भारताने या करारावर स्वाक्षरी केलेली नाही. तथापि, चकमा लोकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले की, संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाने दिलेले जीविताचे संरक्षण नागरिक नसलेल्यांनाही लाभते.

पोलिश लोक गेल्यानंतर वळिवड्याच्या त्याच जागी फाळणीत घरदार गमावलेली सिंधी कुटुंबे वसली. आज ती वसाहत गांधीनगर म्हणून ओळखली जाते. बेघर होण्याची पाळी कोणावर येईल, हे आधी कोणालाच ठाऊक नसते. म्हणूनच आसरा हा केवळ दयेचा विषय राहू नये.

शब्दार्थ

हद्दपार करणे – देशाबाहेर किंवा दूरच्या प्रदेशात घालवून देणे
साधार – आधार असलेली
दाद मागणे – न्याय मागणे

स्वाध्याय

१. वळिवड्यातील अनेक पोलिश लोक मायदेशी का परतले नाहीत?
२. निर्वासित आणि नोकरीसाठी परदेशी जाणारी व्यक्ती यांतील फरक स्पष्ट करा.
३. ‘आसरा हा केवळ दयेचा विषय राहू नये’ या विधानाविषयी तुमचे मत आठ-दहा ओळींत लिहा.